सरकारांचा ओंडका

"ए बारके, चल घरी! आई जेवायची थांबलीये!"

ही हाक दादाची. दिवेलागणीला गल्लीच्या तोंडाशी उभा राहून, दोन्ही तळहात तोंडाशी धरून तो ती सोडायचा. भिंतींना टेकत, वळणं घेत ती मैदानापर्यंत यायची आणि बारकीला डाव अर्धा टाकून पळावं लागायचं. आईचा हट्टच तसा होता. दोन्ही लेकरं उंबऱ्याच्या आत आल्याशिवाय ती घास तोंडात घालत नसे. वाटेत दादा टपली मारायचा, "तुझ्या खेळापायी तिच्या पोटात कावळे ओरडतायत, कळतं का?"

बारकीच्या केसांत आता रुपेरी तारा आल्या होत्या, पण नाव बारकीच राहिलं. घरी तेच, आणि प्राणिसंग्रहालयातही तेच. तिथे ती सिंहांकडे होती.

सिंहांकडे म्हणजे दोघांकडे, सरकार आणि बाईसाहेब. नावं दादाने ठेवलेली. तो तिथेच मांसघरात कामाला होता. आकड्यांना टांगलेलं मांस उतरवून तो तुकडे करायचा, बादल्या भरायचा आणि गाडा ढकलत जाळीपाशी आणून लवून म्हणायचा, "सरकार, पान वाढलंय. बाईसाहेब, तुम्ही थांबा. तुम्हाला सवय आहे."

सवय होतीच. सरकारांचं पोट भरेपर्यंत बाईसाहेब बाजूला बसून पंजे चाटायची. दादा म्हणायचा, "बघ, आईचीच थोरली बहीण."

मग तो आजार आला. आधी माणसांत, मागून पिंजऱ्यांत. सरकार खोकायला लागले, तेव्हा तो आवाज बारकीला घरातल्यासारखा वाटला. दादाही तसाच खोकत होता. शीतघराची थंडी बाधली, असं तो म्हणायचा, आणि सगळ्यांनी ते खरं धरलं. सिंहांना आजार कुणाकडून आला, हे प्राण्यांच्या डॉक्टरांनी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

सिंहांना शेजारशेजारच्या खोल्यांत वेगळं ठेवलं. मध्ये लोखंडी सरकता दरवाजा होता. त्या दरवाजापलीकडेच सरकारांनी जीव सोडला. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, पलीकडच्या बाजूने त्यांना गाडीत चढवलं.

त्याआधी बारकी डॉक्टरांच्या पाठी लागली होती. "साहेब, एकदा दरवाजा सरकवू द्या. तिला बघू दे. जोडीतलं एक गेलं की आपण दुसऱ्याला दाखवतोच ना? ते हुंगतं, चाटतं, बसून राहतं. मग उठतं आणि खातं."

"एरवी दाखवतो गं. पण आता नियम वेगळा आहे. मृतदेह लगेच बांधायचा." डॉक्टरांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. "मला काय हौस आहे का?"

दादाच्या वेळीही हाच नियम होता. बारकीने लांबून एक पांढरी पिशवी बघितली, तिच्यावरचा क्रमांक बघितला. तो दादाच, हे तिने दुसऱ्यांच्या सांगण्यावरून मानलं.

आई तेव्हा स्वतःच त्या दुखण्यातून नुकती उठलेली. भिंत धरून चालायची. "आत्ता सांगू नका, धक्का सोसायचा नाही," असं शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बजावलं. बारकीने वेळ मारून नेली. दादा दवाखान्यात आहे, तोंडाला नळी आहे, बोलू देत नाहीत. मग आई फारच मागे लागली तेव्हा बारकीने फोनमधला त्याचा जुना निरोप शोधून लावला. "आई, मला उशीर होईल. जेवून घे." आईने फोन दोन्ही हातांत धरून कानाला लावला. चेहरा उजळला. बारकीला वाटलं, चला, आजचा दिवस निभावला.

पण आई जेवेना. घास चिवडायची, ताट झाकायची. "येऊ दे त्याला. बसू मग."

इकडे बाईसाहेबही मांसाला तोंड लावेना. संध्याकाळ झाली की दरवाजापाशी जाऊन एक हलकी, घोगरी हाक घालायची आणि कान टवकारून थांबायची. पलीकडून उत्तर नाही आलं की पुन्हा घालायची.

तेव्हा तिला ओंडका आठवला. मोकळ्या आवारात सरकारांचा एक ओंडका पडलेला होता. रोज सकाळी ते त्याच्यावर हनुवटी घासायचे, नखं ओढायचे. ऊन-पावसात लाकूड करडं पडलं होतं, तरी सालीत त्यांचे केस अडकलेले होते. बारकीला वाटलं, अंग नाही दाखवता आलं, निदान वास तरी देऊ. ओळखीच्या वासाने जीव थाऱ्यावर येईल, दोन घास खाईल.

डॉक्टर म्हणाले, "ने. दोघांचा आजार एकच. झाली तर मदतच होईल."

अस्वलांकडचे काका तिच्याबरोबर ओंडका ढकलायला आले. मास्कमधून धापा टाकत म्हणाले, "नवरा नाही, तर नवऱ्याचा पलंग. बाईसाहेबांची वरात काढतेयस का बारके?" बऱ्याच दिवसांनी बारकी हसली. बाईसाहेब मागच्या कप्प्यात पडलेली असताना मधली जाळी लावून त्यांनी ओंडका आत ठेवला, मग जाळी उघडली.

बाईसाहेब आधी लांबूनच बघत राहिली. मग जवळ आली. नाक वाहत होतं, श्वास घरघरत होता, तरी तिने हुंगलं. पुन्हा हुंगलं. गाल घासला, मान घासली, सगळं अंग त्या लाकडावरून ओढून घेतलं. बारकीच्या मास्कची कड ओली झाली. तिने मांसाची बादली पुढे सरकवली.

बाईसाहेबने बादलीकडे बघितलंही नाही. ती वळली आणि थेट दरवाजाशी गेली. आता तिच्या हाकेत जोर होता. दरवाजावर पंजा मारला, हाक घातली, थांबली. ओंडक्याशी आली, हुंगलं, परत दरवाजाशी गेली. दुपारभर ती त्या दोन जागांमध्ये येरझाऱ्या घालत होती. पाय लटपटत होते, पण ती बसेना.

"काका, ती खात का नाही?"

"आता कशाला खाईल? इतके दिवस तिला शंका तरी होती. आज तू तिला सांगितलंस, तो आहे म्हणून."

ओंडका काढायचा, तर आत जाता येईना. तिला दरवाजापासून मागच्या कप्प्यात हलवायला मांस लागायचं, आणि मांसाकडे ती बघत नव्हती.

सकाळी बारकी जंतुनाशकाच्या टबात बूट बुडवून आत आली, तेव्हा बाईसाहेब दरवाजाला डोकं टेकून पडलेली होती. पंजा फटीत घातलेला. बादलीतलं मांस काळं पडलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसं आधीच गेली होती तिची. तू मनाला लावून घेऊ नकोस." ते खरंही असेल. पण तो पंजा फटीतून काढताना बारकीला जोर लावावा लागला.

प्लास्टिक आलं, गाडी आली. ओंडका जाळायला नेला. बारकीने बादली धुऊन पालथी घातली आणि ती घरी गेली.

आई स्वयंपाकघरात होती. एक ताट झाकलेलं, दोन पाण्याने पुसून ठेवलेली. तिच्या ब्लाउजच्या बाह्या दंडावर सैल लोंबत होत्या. मनगट इतकं बारीक झालं होतं की बांगडी कोपरापर्यंत चढली असती.

"आलीस? बस. जेवायची घाई नाही. आधी तो लाव ना गं फोनवर."

"आई, तेच तेच काय ऐकायचं?"

"तेच असू दे. उशीर होईल म्हणालाय. म्हणजे येणारच ना? न येणारा माणूस असं म्हणतो का?" आईने हात पुढे केला. कान आधीच दाराकडे लागलेला होता, पायऱ्यांवर कुणाची तरी चप्पल वाजत होती म्हणून. चप्पल वरच्या मजल्यावर गेली. आईचा कान तिथेच राहिला.

बारकीने फोन काढला. निरोप समोर होता, नुसतं बोट टेकायचं होतं. तिने फोन उपडा ठेवला. झाकलेल्या ताटावरचं झाकण काढलं आणि ताट आईपुढे सरकवलं.

"हे त्याचं आहे," आई म्हणाली.

"तू जेव." बारकीने तिचा हात धरला. "आई, थांबू नकोस आता. दादा गेला."