चालतंय

सॉफ्टवेअरची स्थिर आवृत्ती म्हणजे सोसायटीचा पाण्याचा पंप. चालू आहे तोवर सेक्रेटरीसुद्धा त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, आणि कोणी 'जरा सुधारणा करू' म्हणून हात लावला की सातव्या मजल्यावरचे लोक बादल्या घेऊन खाली येतात. तेजल परबचं काम अशा पंपांना हात लावण्याचं होतं. फक्त तिचा पंप जगभरच्या सर्व्हरवर चालायचा आणि बादल्या घेऊन येणारे लोक इंग्रजीत बोलायचे.

मुलुंड पश्चिमेला एका फरसाणवाल्याच्या वर तिचं ऑफिस. क्लाउड चालवायचं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर होतं, कोणीही घ्यावं, कोणीही दुरुस्त करावं असं. त्याच्या जुन्या, लोकांनी भरवसा टाकलेल्या आवृत्त्यांमधले दोष या ऑफिसातली मंडळी काढत. नवी सोय द्यायची नाही, बटणाचा रंग बदलायचा नाही. दोष तेवढा काढायचा आणि पावलांचा आवाज न करता परत यायचं. दुरुस्तीचं पॅकेज आधी वेगळ्या कप्प्यात ठेवायचं. मग ज्याला तो दोष चावलाय त्याने ते आपल्या यंत्रावर घालून बघायचं, आणि ते नीट चाललं अशी जाहीर नोंद झाली की थोडे दिवस मुरवून हळूहळू सगळ्यांना वाटायचं. आपल्याकडे जावई शोधतानाही एवढी चौकशी करत नाहीत.

त्या संध्याकाळी तेजलला वाटपाचा अधिकार द्यायचा की नाही, यावर प्रकल्पाच्या समितीचं ऑनलाइन मतदान होतं. आजवर सगळी तयारी ती करायची आणि बटण दाबायला परदेशातला कोणीतरी उठेपर्यंत थांबायची. मुलुंडच्या ऑफिसात हा अधिकार कोणालाच नव्हता. तिचं भांडवल एकच होतं. तिने 'तपासलं' म्हटलेलं पॅकेज आजवर कधी परत आलं नव्हतं.

दुपारी तिने अनिरुद्ध जाधवला फोन केला, तो खरं तर आभार मानायला. अनिरुद्ध घाटकोपरच्या एका हॉस्पिटलचे सर्व्हर सांभाळायचा. या वेळचा दोष त्यानेच कळवला होता. एक आभासी यंत्र, म्हणजे सर्व्हरच्या पोटात चालणारा बिनशरीराचा संगणक, एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवलं की कधीकधी त्याची डिस्क मागेच राहायची. माणसं नव्या घरात आणि कपाट जुन्या घरात, तसं. त्याची दुरुस्ती, एका जुन्या आणि एका त्यामानाने नव्या अशा दोन आवृत्त्यांसाठी, आज सकाळपासून वाटली जात होती.

अनिरुद्ध खुशीत होता. पॅकेज सकाळी आपोआप येऊन बसलं, म्हणाला. ज्या यंत्रावर पेशंटांचे स्कॅन असतात ते आज हलवतोय, जुना सर्व्हर फार तापायला लागलाय. मग सहज म्हणाला, "बरं झालं तूच टेस्ट केलंस. मला वेळच नव्हता गं."

तेजल उभी राहिली. "मी नाही केलं. तू केलंस ना?"

"मी कुठे? तू विचारलंस, मी हो म्हटलं."

तिने व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. तिचा मेसेज होता: 'दोन्ही व्हर्जनला नवीन पॅकेज टाकलंय, चालतंय का?' खाली अनिरुद्धचं उत्तर: 'चालतंय.'

मराठीत या एका शब्दावर यंत्र फिरतं, लग्न ठरतं आणि शिळी पोळी खपते. तिने विचारलं होतं यंत्राबद्दल. त्याने वाचलं होतं की बाईसाहेबांनी काहीतरी टाकलंय आणि आपली परवानगी मागताहेत. त्याने मोठ्या मनाने दिली होती. आणि त्याच्या मोठ्या मनावर विसंबून तिने प्रकल्पाच्या पानावर इंग्रजीत लिहिलं होतं: दोन्ही आवृत्त्यांवर ग्राहकाने तपासलं.

नव्या आवृत्तीवर तिने स्वतः थोडंफार चालवून पाहिलं होतं. हॉस्पिटलात होती ती जुनी. तिथे कोणीच काही पाहिलं नव्हतं.

"थांबव," ती म्हणाली.

थांबवणं अनिरुद्धच्या हातात नव्हतं. त्याचे साहेब हर्षद दोशी शेजारीच बसले होते. त्यांनी फोन घेतला आणि शांतपणे समजावलं की ओपीडी आत्ता बंद आहे, ही वेळ गेली तर पुन्हा मिळणार नाही, आणि संध्याकाळच्या ऑपरेशनांना डॉक्टर स्कॅन मागणारच.

"मॅडम, तुमच्या साइटवर तपासलं असं लिहिलंय की नाही?"

"लिहिलंय. मीच लिहिलंय."

"मग मी तोंडी निरोपावर थांबू? उद्या डॉक्टरांना काय दाखवू, तुमचा आवाज? तिथे लिहून बदला, मी थांबतो. नाहीतर चहा संपला की सुरू करतोय."

माणूस बरोबर बोलत होता. संकटात अशी माणसं फार त्रासदायक वाटतात.

अनिरुद्ध फोन घेऊन पॅसेजमध्ये आला. आवाज खाली आणून म्हणाला, "ऐक ना. मी साहेबांचा चहा लांबवतो. तेवढ्यात एक रिकामं यंत्र हलवून बघतो. चाललं तर विषयच संपला. तुझं व्होटिंग आहे यार आज, कशाला स्वतःची वाट लावून घेतेस?"

सूचना वाईट नव्हती. पॅकेज ठीक असण्याचीच शक्यता जास्त होती. बहुतेक पॅकेजं ठीक असतात. पण तेवढ्या चहात ते आणखी किती ठिकाणी जाऊन बसेल, आणि तिथे कोणाचं काय काय हलायचं असेल, हे कोणालाच माहीत नव्हतं. तिथल्या लोकांकडे तेजलचा नंबरही नव्हता.

तिने नोंद काढून टाकली आणि खाली लिहिलं की जुन्या आवृत्तीची तपासणी झालेलीच नाही, चूक माझी, वाटप ताबडतोब थांबवावं. मग पाठवायच्या बटणावर बोट ठेवून ती खालच्या कढईचा आवाज ऐकत बसली. कोणीतरी पापडी तळत होतं. मग तिने बटण दाबलं.

समितीतला एक सभासद त्या वेळी जागा होता, तो लगेच आला. त्याने आधी वाटप थांबवलं आणि मग सभ्यपणे विचारलं, तपासणाऱ्याने चालतं असं सांगितलं होतं, मग त्याने तपासलं नाही असं कसं? तेजलने भाषांतर करायचा प्रयत्न केला. पहिल्या वाक्यात यंत्र पायी चालायला लागलं, ते खोडलं. शेवटी तिने कळवलं की मी एक विचारलं, त्याने दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं आणि मी पडताळून घेतलं नाही.

हर्षदभाई शब्दाला जागले. मग अनिरुद्धने त्यांच्यासमोरच एक रिकामं यंत्र हलवायला घेतलं. तेजल फोन कानाला लावून त्याचा श्वास ऐकत होती.

"यंत्र आलं," तो म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, "डिस्क नाहीये."

"नीट बघ."

"नीटच बघतोय. इकडे नाही आणि तिकडेही नाही. आधी निदान मागे तरी राहायची."

मग हर्षदभाईंचा आवाज आला. ते कोणाला तरी जुन्या सर्व्हरसमोर टेबलफॅन आणून लावायला सांगत होते.

संध्याकाळी समितीत सगळ्यांनी तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं. दोघांनी तर फार सुंदर शब्दांत केलं. मग एकाने विचारलं की खोटी नोंदही यांचीच होती ना, आणि मतदान पुढे ढकललं गेलं. किती पुढे, ते कोणी बोललं नाही. तेजलने आभार मानले, कॅमेरा बंद केला आणि जुन्या आवृत्तीचा कोड उघडला. तिथे एका फंक्शनला वेगळं नाव होतं. दुरुस्ती भलत्याच दारावर थाप मारत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवं पॅकेज कप्प्यात ठेवून ती घाटकोपरला गेली. सर्व्हररूममध्ये टेबलफॅन मान न हलवता एकाच दिशेला वारा घालत होता. अनिरुद्धने रिकामं यंत्र हलवलं. डिस्क बरोबर आली. त्याने वळून तिच्याकडे पाहिलं.

"परत," ती म्हणाली.

त्याने परत हलवलं, मग उलट दिशेने हलवलं. हर्षदभाई दारात उभे राहून बघत होते. डिस्क प्रत्येक वेळी आली. मग अनिरुद्धने प्रकल्पाचं पान उघडून कीबोर्ड तिच्याकडे सरकवला.

तेजलने तो परत त्याच्यासमोर ढकलला. "तू लिही. काय केलंस आणि काय दिसलं, तेवढंच."

"इंग्लिश माझं बेकार आहे गं."

"असू दे."

त्याने बोटं मोडली आणि लिहायला घेतलं. पहिल्या वाक्यात तीन चुका होत्या. तिने एकही सुधारली नाही.