चेअरमनची टोपी आणि माझा क्लच

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे आणि सध्या मला चाकं नाहीत. बेक्वाय गावच्या सराव-मैदानाच्या कडेला, कडुलिंबाखाली, विटांच्या चार ढिगांवर मला टेकवून ठेवलं आहे. पूर्वी माझ्यात एसोनो स्टार्स संघाचे खेळाडू बसत. आता संघाचे चाहते येऊन बसतात, कारण सावली आहे आणि माझ्या गाद्या अजून बऱ्या आहेत. फुटबॉल खेळणाऱ्यापेक्षा फुटबॉलवर बोलणाऱ्याला गादी जास्त लागते, हे मला आता पुरतं कळलं आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड देशातला. तिथे बारा वर्षं मी शाळेतली मुलं नेली-आणली. मग वय झालं म्हणून मला जहाजात चढवलं आणि तेमा बंदरात उतरवलं. म्हातारपणी नवं सासर. पण कुमासीच्या कारागिरांनी माझे लाड केले. गाद्यांच्या दोन ओळी वाढवल्या, एका रंगाऱ्याने माझ्या अंगावर निळा हत्ती काढला, कारण एसोनो म्हणजे हत्तीच. मागच्या काचेखाली त्याने मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'अबोतरे'. म्हणजे सबूर. आमच्याकडे मागे काही लिहिलेलं नसेल त्या गाडीला कोणी गाडी म्हणत नाही.

संघाचे मालक चेअरमन आम्पोफो. पांढरी टोपी, पांढरा सदरा, इमारती लाकडाची वखार. त्यांनी मला विकत घेतलं आणि बोआडूमामांच्या हाती दिलं. बोआडूमामा तेव्हा पन्नाशीचे होते. गाडी सुरू करण्याआधी ते माझ्या दारावर दोनदा थाप मारायचे, मगच चढायचे. माझा आवाज जरा बदलला की गप्पा थांबवून ऐकायचे. मित्रांनो, आम्हा यंत्रांना बोलता येत नाही असं लोक समजतात, पण आम्ही सारखं बोलत असतो. ऐकणारा पाहिजे.

ज्या वर्षी संघ वरच्या गटात पोहोचला, त्या दिवशी बाजारातल्या बायकांनी माझ्यावर पावडरीचे डबेच्या डबे उधळले. आनंद झाला की आमच्याकडे पांढरी पावडर उधळतात. मी निळी की पांढरी ते ओळखू येत नव्हतं. सगळ्यांत पुढे होती दुफीमावशी. ती बाजाराच्या तोंडाशी केंके विकते, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, बरोबर तळलेला मासा आणि मिरचीचा ठेचा. चाहत्यांच्या महिला मंडळाची ती प्रमुख. आवाज असा की पंचाची शिट्टी ऐकू येत नाही. त्या दिवशी तिने बोआडूमामांनाही पावडर फासली आणि म्हणाली, "मामा, गोल पोरांनी केले, पण पोरांना आणलं तुम्ही." मामा आठवडाभर हसत होते.

चार वर्षं बरी गेली. पाचव्या वर्षी माझा क्लच घसरायला लागला. इंजिन ओरडायचं, पण चढावर मी पुढे सरकायची नाही, आणि जळका वास यायचा. मामांनी चेअरमनना एकदा घराच्या फाटकाशी सांगितलं. एकदा वखारीत सांगितलं. दोन्ही वेळा मी दारातच उभी होते. तिसऱ्यांदा सांगितलं ते तमालेला होणाऱ्या शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी. चेअरमन माझ्या पायरीवर एक पाय ठेवून उभे होते. आसपास कोणी नव्हतं.

"साहेब, ही तमालेपर्यंत जाणार नाही. क्लच संपलाय," मामा म्हणाले.

"अरे बोआडू, तुझ्या गाडीवर काय लिहिलंय ते वाच की. सबूर. एवढा सामना होऊ दे, मग बघू."

"मग दुसरी गाडी भाड्याने तरी घ्या."

"तू चालव रे. तुझ्या हातात ती म्हातारी नाचते," असं म्हणून ते हसले आणि गेले.

सामना बरोबरीत सुटला असता तरी संघ वरच्या गटात राहिला असता. आम्ही पहाटे निघालो. किंतांपो गावाच्या पुढचा चढ मी अर्धा चढले आणि थांबले. उताराने मामांनी मला मागे आणलं, ते थेट एका खानावळीसमोर. फिटर आला, हात झटकून गेला. दुसरी गाडी पाठवतो म्हणून चेअरमननी फोनवर सांगितलं होतं, ती आली नाही. शेवटी पोरं यामच्या कंदांनी भरलेल्या ट्रकवर बसून गेली. पोहोचली तेव्हा मैदानावर समोरचा संघ एकटाच उभा होता आणि पंचांनी सामना त्यांना देऊनही टाकला होता. एसोनो स्टार्स खालच्या गटात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या रेडिओवर चाहत्यांचे फोन घेत होते. दुफीमावशीने फोन लावला आणि साऱ्या बेक्वायला सांगितलं, की ड्रायव्हर किंतांपोला भाजलेला गिनी कोंबडा चापायला थांबला होता. समोरच्या संघाने त्याचा हात ओला केला असणार. किंतांपोला थांबून खाल्ल्याशिवाय आमच्याकडे कोणताही ड्रायव्हर पुढे जात नाही, त्यामुळे ते सगळ्यांना पटलं. पोरांचे पगार चेअरमनच्या हातात, त्यांनी माना खाली घातल्या. चेअरमननी तेवढंच उचललं आणि मामांना काढून टाकलं. त्यानंतर बोआडूमामांना कोणी गाडी चालवायला दिली नाही. सामना विकणारा माणूस उद्या उतारूही विकेल, असं गाडीमालक म्हणायचे. बत्तीस वर्षं एका माणसाला खरचटू न देणारे मामा रोज सकाळी माझ्याकडे यायचे, स्टेअरिंगमागे बसायचे आणि माझी पुढची काच पुसायचे. मला ओढून आणून माझी चाकंही काढली होती, तरी पुसायचे.

संघ खाली गेल्याचं दुःख चाहत्यांना पचेना. महिनाभराने त्यांचा राग चेअरमनवर वळला, तेव्हा चेअरमन रेडिओवर आले. माझ्यातच बसून सगळ्यांनी ऐकलं. ते म्हणाले, "जबाबदारी शेवटी मालकाचीच असते. मेपाचेव, आता पुढे पाहू या."

आणि माझ्या पोटात जुंपली.

"घेतली जबाबदारी, मागितली माफी," सार्पोंग शिंपी म्हणाला. संघाचे कपडे तोच शिवतो, तेव्हा चेअरमनचं मीठ त्याच्या जिभेवर होतं. "आता अजून काय, लोटांगण घालू का म्हणावं?"

"माफी कुठे मागितली?" दुफीमावशी म्हणाली. "मेपाचेव, पुढे पाहू. म्हणजे कृपा करून गप्प बसा. विनंती केलीय त्यांनी तुला, शिंप्या."

मित्रांनो, इथेच सगळी गोम आहे. आमच्या बोलीत 'मेपाचेव' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. मीठ मागतानाही तोच आणि क्षमा मागतानाही तोच. मूळ अर्थ, मी तुमच्यापुढे टोपी काढतो.

"आणि 'मालकाची असते' म्हणजे काय?" मावशी थांबेना. "कुठल्या मालकाची? 'माझी' म्हणायला दात दुखत होते का त्यांचे?"

"अगं, मालक एकच आहे संघाला."

"मग चूक कोणती तेही सांगू दे की. ड्रायव्हरने सामना विकला, ते मान्य. पण तसला ड्रायव्हर नेमला कोणी? पदरी ठेवला कोणी?"

"हां, ते बरोबर आहे," सार्पोंग म्हणाला. "ड्रायव्हरबद्दल माझं दुमत नाही."

बोआडूमामा त्यांच्यापासून चार हातांवर पाठमोरे बसले होते. दोन्ही पक्ष सकाळपासून भांडत होते आणि एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर. मामांनी काच पुसायचं थांबवलं नाही. मला मात्र त्या दिवशी माझ्या सगळ्या गाद्या फेकून द्याव्यात असं वाटलं.

शेवटी मागच्या ओळीतून कोणीतरी म्हणालं, "पण बोलताना टोपी काढली होती का?" रेडिओवर टोपी दिसत नाही. मग ठरलं, की चेअरमनना इथेच बोलवायचं. समोर उभं राहून, टोपी काढून बोलू देत.

रविवारी चर्च सुटल्यावर ते आले. कडुलिंबाखाली शंभरेक माणसं होती. चेअरमननी टोपी काढली, छातीशी धरली. टक्कल घामाने चमकत होतं. "माझीच चूक झाली," ते म्हणाले. "या ड्रायव्हरला मीच नेमलं. माणूस ओळखायला मी चुकलो. त्याची जबाबदारी माझ्या एकट्याची. मेपाचेव."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन बायका डोळे पुसत होत्या. सार्पोंगने मावशीकडे बघून भुवया उडवल्या. वड्याचं तेल वांग्यावर कसं काढतात ते मी ऐकून होते, पण ते काढणाऱ्याला टाळ्या मिळतात हे प्रथमच पाहिलं.

तेव्हा बोआडूमामा माझ्या पायरीवरून खाली उतरले. टाळ्या विरल्या. मामा हळू आवाजातच बोलले.

"साहेब, एकच विचारतो. क्लचबद्दल मी तुम्हाला सांगितलं होतं, की नव्हतं?"

चेअरमननी हातातल्या टोपीकडे पाहिलं. तिच्यावरची नसलेली धूळ बोटाने झटकली आणि टोपी डोक्यावर घातली.

"मेपाचेव, बोआडू," ते म्हणाले. "आज नको."

या वेळी त्या शब्दाचा अर्थ कोणालाच विचारावा लागला नाही. त्यांची मोटार निघून गेली. थोडा वेळ लोक चपलांनी माती उकरत उभे राहिले. मग सार्पोंग म्हणाला, "काही म्हणा, टोपी काढली." त्यावर दुसरा म्हणाला, "काढली खरी, पण घातलीही लगेच." आणि पुन्हा जुंपली. मामा घरी गेले. दुफीमावशी मात्र पाठ फिरवून निघाली. जन्मात पहिल्यांदा मी तिला वाद अर्धा टाकून जाताना पाहिलं.

सोमवारी बाजार भरायच्या आधी ती आली. पानात बांधलेलं केंके, मासा आणि ठेचा तिने स्टेअरिंगशेजारी ठेवला.

"मामा, ती कोंबड्याची गोष्ट माझी," ती म्हणाली. "एका ट्रकवाल्याने सांगितलं, तुमची निळी बस किंतांपोला खानावळीसमोर उभी होती. तेवढंच. कोंबडा मी घातला. लाचही मीच घातली."

"उभी होती ते खरंच आहे," मामा म्हणाले. "पुढच्या चढावर क्लच जळला."

"मला राग आला होता. कोणावर तरी काढायचा होता."

मामांनी पान उघडलं नाही. "हे रेडिओवर सांगशील?"

तिने तिथेच उभं राहून फोन लावला. बऱ्याच वेळाने लागला. तिने सांगायला सुरुवात केली आणि निवेदक मध्येच गोड आवाजात म्हणाला, "मावशी, चेअरमननी जबाबदारी घेतली ना? तो विषय संपला. आज नव्या प्रशिक्षकाबद्दल बोलू या." फोन कट झाला. मावशीने फोन कमरेला खोचला. मग म्हणाली, "एका फोनवर बिघडवलं आणि आता पायी फिरून निस्तरावं लागणार." डोक्यावर पाटी घेऊन ती बाजारात गेली.

तेव्हापासून ती रोज दुकान लावायच्या आधी एकेक ओळ फिरते. यामवाल्या, टोमॅटोवाल्या, सुक्या मासळीवाल्या. काही जणी ऐकून घेतात. काही विचारतात, "मग पैसे घेतले कोणी?" तिला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. मामांना अजून गाडी मिळालेली नाही. ते केंके मात्र त्यांनी खाल्लं, उशिरा, थंड झाल्यावर.

येत्या गुरुवारी भंगारवाले मला कापायला येणार आहेत. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. माझे पत्रे कुठल्या तरी छपरावर जातील. पण मित्रांनो, मामांनी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तिथे आम्ही तिघंच होतो, आणि मामांच्या बाजूने साक्ष द्यायला तयार असलेली मी एकटी. मला वाचा नाही. म्हणून तुम्हाला विनवते. तुमची गाडी कुरकुरली तर ऐका, आणि ती कुरकुर तुम्हाला सांगायला येणाऱ्या माणसाचंही ऐका. आणि कधी बेक्वायच्या बाजारात गेलात, आणि कोणी बोआडूमामांचं नाव काढून हसलं, तर माझ्या वतीने एवढंच सांगा, की त्यांनी सांगितलं होतं. तीनदा सांगितलं होतं. मी ऐकलं आहे.