बुजवलेलं भोक

"इथे हात फिरवून बघा," त्यानं मशीनची उजवी बाजू दाखवली. "कुणा अडाणी मेकॅनिकनं भोक पाडून दांडा ठोकला होता. मी काढून टाकला, भोक बुजवलं, रंग दिला. आता कारखान्यातून निघालं तसं आहे."

पाहुण्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून पाहिलं. त्यालाही जुन्या वॉशिंग मशीनचा नाद होता. मागे भिंतीशी संग्रहातली बाकीची मशीनं उभी होती. एकाचा वेग पायानं पट्टी दाबून बदलायचा, एकाचा पट्टा लहान चाकावरून मोठ्यावर चढवून. या नव्याला मात्र वेगासाठी पितळी चकती होती, आणि तशी चकती पाहुण्यानं फक्त चित्रात पाहिली होती.

"मिळालं कुठे?"

"मावशीकडे. काका गेल्यावर तिनं घर आवरलं तेव्हा."

"आणि मावशी कधीची दारात उभी आहे," दारातून आवाज आला. "बेल वाजवून दमले बाबा."

तिच्या हातात पिशवी होती. मशीन देताना तिनं एकच मागणं केलं होतं: चालू झालं की काकांचा स्वेटर त्यात एकदा धुवायचा. मग तो कपाटात कायमचा ठेवून द्यायचा.

तिनं स्वेटर पाण्यात सोडला, झाकण लावलं आणि न बघताच उजवं कोपर बाजूला ढकललं. कोपर हवेतून गेलं. तिनं पुन्हा ढकललं. मग थांबून तिनं त्या गुळगुळीत पत्र्याकडे पाहिलं.

"सवय हो," ती पाहुण्याला म्हणाली, जणू चूक तिचीच होती. "माझी बोटं वळत नाहीत ना. चकती घट्ट. म्हणून यांनी स्कूटरचा ब्रेक कापून दांडा केला. कोपरानं ढकललं की वेग बदलायचा. सबंध रविवार घालवला त्यात, अडाणी कुठले."

ती हसली. पाहुणा चष्म्याच्या काचा पुसू लागला.

तिची बोटं भाच्याला लहानपणापासून ठाऊक होती. तिच्या घरी डब्यांची झाकणं तोच उघडून द्यायचा. दांडा उतरवताना त्यानं त्याचा कोन मोजला होता, पत्र्याची जाडी मोजली होती. तो कशासाठी असेल, हे मात्र मनातही आलं नव्हतं.

"दांडा ठेवलायस ना रे?"

दांडा भंगारवाल्याच्या गाडीवर कधीच गेला होता.

"आहे," तो म्हणाला.

"मग बरं. आता तूच फिरव. हळू वेगावर हं, लोकर आहे."

त्यानं चकती फिरवली. चांगलाच जोर लागला. आत स्वेटर सावकाश वळू लागला, एक बाही वर आली आणि बुडाली. मावशी झाकणाच्या काचेतून बघत राहिली.

तिच्याकडे न बघता तो पत्र्यावर ते भोक चाचपू लागला. पण काम इतकं सफाईदार झालं होतं की बोटांना ते सापडेना.