पडती बोली

थॉर्किलने हिरवे बटण दाबले आणि पडद्यावरचा भाव खाली उतरू लागला.

लिलावघरात कुणी बोलत नव्हते. कालपर्यंत याच ओल्या फरशीवर तो मासळीच्या पेट्यांमधून चालत, पुकारत भाव चढवत नेई. देवाने गळाच असा दिला होता, की चर्चमध्ये पेंगणारे कोळी इथे मात्र जागे असत. आता भाव वरून खाली येणार. जो व्यापारी हातातले बटण आधी दाबेल त्याचा माल. थॉर्किलने नुसती सुरुवात करून द्यायची. हे यंत्र दुपारच्या आत तोंडघशी पडावे, एवढेच तो सकाळपासून देवापाशी मागत होता.

कॉड माशाच्या पेट्या एकामागून एक गेल्या. गुड्रून बटण मुठीत धरून उभीच. बंदरामागचे मासळीचे दुकान ती नवरा गेल्यापासून एकटी चालवत होती.

“झोपलात की काय, गुड्रूनबाई?” मागून एक व्यापारी हसला. “कॉड काय चालत येणारेय तुमच्याकडे?”

ती थॉर्किलकडे बघत होती. त्याला उमगले. इतकी वर्षे ‘दोनवार’ म्हटल्यावर तो तिच्यासाठी श्वासभर थांबे. तिची मान हलली, की मगच ‘तीनवार’. ती अजून त्या थांबण्याची वाट पाहत होती.

“शेवटची पेटी राहिलीय,” नवा व्यवस्थापक आस्गर हळूच म्हणाला. “दुकान रिकामं राहणार बाईंचं.”

थॉर्किल चौथऱ्यावरून उतरला.

“बाई, वाट बघू नका.”

“तू थांबायचास.”

“आता कुणी थांबत नाही. भाव मनाशी ठरवा. आकडा तिथं आला, की दाबा.”

“मेल्या, हे काल सांगायला काय झालं होतं?”

त्याने मान खाली घातली. काल सगळ्यांना यंत्र समजावून सांगायचे काम त्याच्याकडेच दिले होते.

तो परत वर गेला. आकडे उतरू लागले, त्याचे ओठ हलले. आवाज त्याने गिळला. भाव मध्येच थबकला. पडद्यावर गुड्रूनचा क्रमांक होता.

“केवढ्याला घेतलंत हो!” मघाचा व्यापारी म्हणाला.

“माझं दुकान, माझा कॉड. तू आपलं बघ.”



गाड्या भरून गुड्रूनखेरीज सगळे निघून गेले. आस्गर पडदा बंद करायला आला, तेव्हा थॉर्किलने त्याला हातानेच थांबवले. एक रिकामी पेटी पायाने पुढे सरकवली.

“या, बाई. हिची बोली लावा.”

भाव उतरू लागला. गुड्रूनने फार लवकर दाबले.

“पुन्हा,” तो म्हणाला.