रुसाचा संथ नाच

“श्वास रोखू नका आजी, आरामात घ्या,” डॉक्टर मिल्कोवा म्हणाल्या.

पडद्यावर रुसाचं हृदय उघडझाप करत होतं. तिनं मान वळवून बघितलं. “दमलंय की काय ते?”

“छे! रक्त ढकलायचं काम झकास चाललंय. फक्त वयानं त्याची भिंत जाड नि ताठ झालीये. सैल पडून पुन्हा भरायला वेळ लागतो त्याला. पूर्वीसारखं धावतही नाही. हा आजार नाही, चौऱ्याहत्तरी आहे.”

“मग सणाला नाचू ना?”

“नाचा की! पण दम लागला की थांबायचं.”

थांबायचं! रोदोपीच्या डोंगरातल्या आपल्या खेड्यात तंबाखूची पानं ओवण्यात रुसाचा जन्म गेला, आणि त्या कामात तिच्या हाताच्या वेगाला कुणी गाठलं नव्हतं. संत एलियाच्या सणाला नाचाची रांगही वर्षानुवर्षं तीच ओढत आली होती.

सणाच्या सकाळी चौकात मटणाच्या रश्श्याच्या कढया रटरटत होत्या. म्हाताऱ्या दिन्कोनं काखेतली कातडी पिशवी फुगवली, तिला जोडलेल्या पाव्यातून सूर घुमला. रांगेच्या पुढे रुसा रुमाल फडकावत निघाली. पण तिसऱ्याच फेरीला तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिनं रांगेतला हात सोडला.

“द्या वहिनी तो रुमाल,” नणंद वेलिका टपलेलीच होती. “किती वर्षं वाट बघतेय मी! तुम्ही आता रस्सा ढवळा.”

रुसा बाकावर टेकली. छातीतली धडधड हळूहळू निवली, पण रांग तिच्यावाचूनही तशीच गरागरा फिरत होती, ही सल काही निवेना.

गाणं संपलं तसा दिन्को शेजारी येऊन धपकन बसला. “ही पोरं जीव घेणार माझा!”

तोही धापा टाकतोय हे बघून रुसाला हसूच फुटलं. “दिन्को, आपल्या आया नाचायच्या तो संथ नाच वाजवता येतो का रे अजून?”

“येतो की. पण नाचणार कोण? मयताला निघालात का म्हणतील.”

“तू वाजव तर खरं.”

लांब, सावकाश सूर उठला. रुसा एकटीच चौकात उतरली. एक पाऊल, मग पाय अधांतरी धरून थांबा. दुसरं पाऊल, पुन्हा थांबा. वेलिकाला राहवेना. तिनं येऊन वहिनीचा हात धरला. मागोमाग तरणी पोरं शिरली आणि धडाधड एकमेकांवर कलंडली.

“आई गं! किती वेळ पाय वर धरायचा?”

“मी टेकवीपर्यंत,” रुसा म्हणाली.

“वहिनी, माझी पोटरी तुटली!”

“मग रस्सा ढवळा, वन्सं.”

सगळा चौक खिदळला. पुढच्या पावलाला रुसानं पाय उचलला आणि निवांत श्वास भरून घेतला. तिच्यामागे अख्खा गाव एका पायावर डुगडुगत उभा होता.