रात्री होडी बांधू नये

मी कालव्याच्या काठावरचा बिडाचा खुंटा बोलतोय. ज्या कारखान्यात मी ओतला गेलो तो कधीच मोडीत निघाला. मी मात्र जिथं रोवला तिथंच आहे.

तेव्हा माझ्यामागे चिनीमातीच्या भांड्यांचं कोठार होतं. कपबश्यांचे पेटारे नेणाऱ्या लांबोडक्या होड्या काठानं चालणारी घोडी दोरानं ओढत आणायची. रात्री त्या होड्या माझ्या गळ्यात दोर टाकून निजायच्या. दोर घासून घासून माझ्या मानेला खाचा पडल्या. पुढं इंजिनं आली, मग माल रस्त्यानं जाऊ लागला आणि कोठाराला टाळं लागलं. होड्या काही थांबल्या नाहीत. आता माणसंच त्यांत संसार थाटून राहू लागली. आज इथं, परवा पुढच्या गावाला.

मग कोठाराचे फ्लॅट झाले. पाण्याकडे मोठाल्या खिडक्या निघाल्या. फ्लॅटमधली माणसं संध्याकाळी माझ्यावर टेकायला येऊ लागली. माझ्यावर बसलेला माणूस खरं बोलतोच असं नाही, पण बोलतो भरपूर.

एनिड बार्लो पहिल्या मजल्यावर राहायला आली ती नवऱ्याच्या, क्लेमच्या, छातीमुळे. दोघांनी बावीस वर्षं होडीत काढली होती. पाण्यावरची ओल आणि कोळशाची शेगडी क्लेमला सोसेना, म्हणून होडी विकून हे घर घेतलं. पण शेजाऱ्यांना एनिड एवढंच सांगायची, "आम्ही आधी उत्तरेकडे असायचो." खोटं नव्हतं ते. उत्तरेकडचे सगळे कालवे त्यांनी पालथे घातले होते.

एका जूनमध्ये सोसायटीची सभा भरली. ऊन छान पडलं होतं, म्हणून खुर्च्या माझ्याभोवतीच मांडल्या. अध्यक्ष होते लेथमसाहेब.

"सकाळी पडदा सरकवावा," ते म्हणाले, "तर समोर कुणीतरी नुसत्या चड्डीवर दात घासतोय! वर त्यांच्या शेगड्यांचा धूर. ना पत्ता, ना ठिकाणा. भटके लेकाचे!"

सगळे हसले. एनिडही हसली.

धुराचा त्रास खोटा नव्हता. वारा फिरला की क्लेमला खोकल्याची उबळ यायची आणि एनिड खिडकीच्या फटीत टॉवेल कोंबत बसायची. लेथमसाहेब तिच्याकडे वळले. "मिसेस बार्लो, तुमच्या यजमानांना सगळ्यात जास्त त्रास. रात्री होड्या बांधायला बंदी मागूया ना?"

एनिडचा हात वर गेला. सगळ्यांच्या आधी.

कालव्याच्या कचेरीनं मागणी मान्य केली आणि माझ्या शेजारी पाटी ठोकली गेली: 'दिवसा थांबावे. रात्री होडी बांधू नये.' त्या दिवसापासून एनिड बाजारातून मागच्या दारानं येऊ लागली.

ऑक्टोबरात जिनी हॉजकिस आली. जिनी म्हणजे बार्लोंची पाण्यावरची जुनी सोबतीण. त्यांचं इंजिन बंद पडलं की हिची होडी त्यांना ओढून न्यायची. जिनीनं माझ्या गळ्यात दोर टाकला. इंजिनाचा आवाज ओळखून क्लेम धापा टाकत खाली आला आणि माझ्यावर बसला. कित्येक महिन्यांत तो खाली उतरला नव्हता. मागोमाग शाल घेऊन एनिड.

"काय रे म्हाताऱ्या, अजून आहेस होय?" जिनी ओरडली.

"तुला पोचवल्याशिवाय कुठला जातोय!"

आठवडाभर राहायचं, रोज पत्ते कुटायचे, असे बेत सुरू झाले. क्लेम इतका हसला की खोकला लागला, आणि खोकता खोकता त्याची नजर पाटीवर गेली.

"हे कुठल्या गाढवानं ठोकलं?"

"हल्ली सगळीकडे असतात रे," जिनी म्हणाली. "जेवढी खिडकी मोठी तेवढी पाटी मोठी. जाते मी पुढं, गावाबाहेर बांधते."

"अंधारायला आलंय. पुढं पाणी अडवणारे लॉक लागतात. एवढाले दरवाजे एकटी ढकलणार आहेस? एनी, त्या लेथमला खाली बोलाव. एका रात्रीनं काय बिघडतं?"

एनिड जागची हलली नाही. "मी हात वर केला होता," ती म्हणाली. "सगळ्यांच्या आधी."

क्लेमनं तिच्याकडे पाहिलं. "माझ्या छातीपायी?"

ती 'हो' म्हणाली असती तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. मलाही वाटलं, म्हणेल.

"धूर होताच. पण तेवढ्यासाठी नाही. ते सगळे हसत होते रे. आपणही तसलेच होतो हे त्यांना कळू नये, म्हणून."

"तसलेच," क्लेम हळूच म्हणाला.

जिनी दोराशी उभी होती. "माझी आठवण झाली का गं तेव्हा?"

"झाली. म्हणून तर पटकन वर केला. जरा थांबले असते तर झालं नसतं माझ्याच्यानं."

जिनीनं दोर सोडला. "त्याला आत ने," एवढंच म्हणाली, "गारठा पडतोय." घरात शिरताना क्लेमनं बायकोचा हात धरला नाही, जिन्याचा कठडा धरला.

वसंतात पुन्हा सभा भरली. एनिड उभी राहिली. "तुम्ही ज्यांना भटके म्हणता त्यांतली मी एक. बावीस वर्षं. कुणीतरी चड्डीवर दात घासतो ना, तसा माझा नवराही घासायचा. पाटी काढा."

 मग तळमजल्यावरची तरुण आई म्हणाली, "पण काकू, माझं बाळही खोकतं हो."  खूप वादावादी झाली. शेवटी ठरलं ते असं: पाटी राहील, पण इमारत संपते तिथं, कचऱ्याच्या पेट्यांजवळच्या बिनखिडकीच्या भिंतीखाली, दोन होड्यांना एका रात्रीपुरती जागा मागायची. कचेरीनं तेवढी दिली. लेथमसाहेब आजही एनिडला नमस्कार करतात, पण चहाला बोलावत नाहीत.

जिनी फोन उचलत नव्हती. एनिड करत राहिली. मे महिन्यात एका दुपारी जिनीची होडी माझ्यासमोरून न थांबता गेली आणि त्या भिंतीखाली लागली. एनिड गेली आणि काठावरच उभी राहिली.

"घाण वास येतो गं इथं," जिनी म्हणाली.

"हो."

"एवढंच जमलं?"

"एवढंच."

जिनीनं तिच्याकडे नीट पाहून घेतलं. मग होडीतल्या बाकावरची कोळशाची गोणी खाली सरकवली. "ये. पाय पूस आधी."

पुढचं बोलणं मला ऐकू आलं नाही.

आता मला पांढरा रंग दिलाय आणि डोक्यावर फुलांची कुंडी ठेवलीय. लोक माझे फोटो काढतात. दिवसा कधीमधी एखादा दोर गळ्यात पडतो, पण सूर्य कलला की सुटतो.

पाण्याकाठी घर घ्याल तर खुशाल घ्या. धुराची तक्रारही करा. छाती सगळ्यांनाच असते. फक्त हात वर करण्याआधी समोरच्या होडीत कोण राहतं, त्याचं नाव एकदा विचारा. नाव ठाऊक असूनही हात वर जातो, हे मी पाहिलंय. पण मग तो खाली घेणं फार जड जातं.