राजाबाईनं मागितलेला भाव

माणूस परक्याच्या घरी आला की आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला राम राम घालतो, मग बाकीच्यांकडं बघतो. हा हिमांशू नावाचा गडी चिकलठाण्याच्या धनगरवस्तीत पहिल्यांदा आला, तेव्हा त्यानं उंबऱ्यातूनच घरातल्या हनुमान नावाच्या उंच पोराच्या पायांकडं बघितलं. जरा चालून दाखव म्हणाला. पोटऱ्या दाबल्या, घोटे चाचपले, पंजा उलटा करून बोटं ताणून बघितली. हे सगळं झाल्यावर त्याला भिंतीला टेकून बसलेली पोराची आजी, राजाबाई, दिसली, आणि मग कुठं त्यानं हात जोडले.

राजाबाईनं तो नमस्कार घेतला नाही. गाडी वस्तीबाहेर पडली, आणि त्यानंतर चुली पेटेपर्यंत तिचं तोंड थांबलं नाही. बोकड घ्यायला आलेला खाटीकसुद्धा आधी धन्याशी दोन शब्द बोलतो, तंबाखू पुढं करतो, मग जनावराला हात लावतो. ह्याला कुणी माणसांत वाढवलं का नाही? शालू, तिची सून, भाकरी थापत राहिली. रामेश्वर, तिचा लेक, एवढंच म्हणाला की माय, तो साधा माणूस नाही, दिल्लीकडच्या बास्केटबॉलच्या संघासाठी पोरं हेरतो. पोराला पगार मिळेल, टीव्हीवर दिसेल. राजाबाईनं त्याला विचारलं, की टीव्हीवर दिसणाऱ्या पोराच्या पोटऱ्या दाबायचा हक्क टीव्हीवाल्यानं दिला का. रामेश्वर वाळूजच्या कारखान्यातल्या पाळीची बस धरायला निघून गेला.

हनुमानाला हा खेळ लागला तो मेंढरांमुळं. चिकलठाण्याचं रान प्लॉट पाडून संपत आलं, जिथं तिथं दहा-दहा मजल्यांच्या इमारती उठल्या, तेव्हा चारा उरला होता तो फक्त एका कंपनीच्या कॉलनीमागं. पोरगं मेंढरं तिथं सोडायचं आणि भिंतीवर बसून आतल्या मैदानावर चाललेला खेळ बघायचं. कंपनीतले केशव सर संध्याकाळी तिथं पोरांना शिकवायचे. भिंतीवरचं पोरगं रोज वीतभर वाढतंय असं त्यांना वाटलं असावं. एके दिवशी त्यांनी त्याला आत बोलावलं. पुढं मेंढरं दुष्काळात विकली गेली, मेंढवाडा रिकामा झाला, पण राजाबाईनं त्याचं काट्याचं कुंपण काढू दिलं नाही. आणि हनुमान राज्याच्या संघात खेळून आला. बारावीची परीक्षा दिली तेव्हा दारातून आत येताना त्याला कमरेतून वाकावं लागत होतं.

केशव सरांनी त्याच्यासाठी शहरातल्या एका कॉलेजात जागा बघून ठेवली होती. फी माफ, राहायला होस्टेल, विद्यापीठाकडून खेळायचं आणि डिग्री झाली की खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. अट एकच होती. पगार घेऊन कुठल्या धंदेवाईक संघाकडून खेळला, की ती जागा गेली. हनुमानालाही हेच हवं होतं. त्यानं कॉलेजचा रंग असलेली सॅक आधीच आणून खुंटीला लावली होती.

हिमांशू दुसऱ्यांदा आला तेव्हा उन्हाळा तापला होता. लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तोच हा उन्हाळा. वस्तीचा हापसा कोरडा खडखडत होता, महापालिकेचा टँकर मनात आलं तर यायचा, आणि इमारतींचे टँकर मात्र वस्तीच्या दारावरून धूळ उडवत दिवसभर जायचे. हिमांशूनं गाडी बाभळीच्या सावलीला लावली आणि तो सावली बघत बघत रिकाम्या मेंढवाड्यात येऊन उभा राहिला. ह्या वेळी त्यानं तिथं राजाबाईलाच गाठलं. गोड बोलला.

"आजी, घरात तुमचा शब्द चालतो. तुम्हीच सांगा, काय दिलं म्हणजे तुम्ही पोराला पाठवाल?"

आता इथं एक गोष्ट होती जी हिमांशूला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मेंढवाड्यात उभं राहून कुणी भाव विचारला तर धनगराच्या तोंडून 'नाही' निघत नाही. निघालं तर वाड्याची बरकत उठते, असं राजाबाईनं सासूकडून घेतलं होतं आणि सासूनं तिच्या सासूकडून. द्यायचं नसेल तर असा भाव सांगायचा की विचारणाऱ्यानं हसत हसत वाट धरावी. एका व्यापाऱ्याला आवडत्या नराच्या बदली तिनं ट्रकभर हरभऱ्याचा भुसा मागितला होता, ऐन दुष्काळात. तो आजतागायत फिरकला नव्हता.

वस्ती जमली होती. राजाबाईनं पदर सावरला आणि म्हणाली, "रोज एक भरलेला टँकर. माह्या दारात. मृगाचा पाऊस पडंपर्यंत. एक दिस चुकला तर सौदा मोडला."

बायका खुदकन हसल्या. शेजारची गीताबाई तर डोळ्याला पदर लावून हसली. हिमांशू हसला नाही. तो बाजूला गेला, फोनवर हळू आवाजात कुणाशी तरी बोलला, परत आला आणि म्हणाला, ठीक आहे आजी, जबान?

राजाबाईला वाटलं, हे पाणी येणार नाही. एवढ्या माणसांत मागं हटायचं तिला ठाऊक नव्हतं. तिनं जबान दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर दारात उभा होता.

कुणी हसलं नाही. ड्रायव्हर खाली उतरला नाही, इंजिन बंद केलं नाही, नुसता हात बाहेर काढून नळीकडं दाखवला. बायका ड्रम, कळश्या, पिंपं, पोरांना आंघोळ घालायची घंगाळं घेऊन धावल्या. राजाबाईनंही हंडा लावला. पाणी गोड होतं, आणि तिला तेच सगळ्यात जास्त खुपलं. उद्या येणार नाही, असं ती रात्री मनात घोकत राहिली. तो उद्याही आला, परवाही आला. सणाला आला, आठवडी बाजाराला आला, शहरात वाहतूक बंद होती त्या दिवशी अंधार असतानाच येऊन थांबला.

मग वस्तीचं बोलणं बदललं. हनुमान जाईल का, असं कुणी विचारीना. हनुमान गेल्यावर, असं बोलू लागले. कुंपणावरून वर्षभर भांडणाऱ्या गीताबाईनं कुरडया तळून पाठवल्या. जाता येता बायका राजाबाईच्या पाया पडायच्या. ज्यांनी कधी पाया पडू नये अशा वयाच्या बायका पडायच्या, आणि राजाबाईला पाय मागं घ्यावासा वाटायचा.

हिमांशू अधून मधून यायचा, काच वर करून गाडीतच बसायचा आणि रामेश्वरकडं निरोप द्यायचा. पोरानं सायकल चालवायची नाही. ड्रम उचलायचा नाही. जत्रेला अनवाणी जायचं नाही. कॉलनीच्या मैदानावर आता खेळायचं नाही, पाय दुखावला तर जबाबदारी कुणाची? शालूनं एकदा हनुमानाला दळण आणायला धाडलं तर रामेश्वर तिच्यावर ओरडला. पोरगं घरातच जेवत होतं, घरातच निजत होतं, पण त्याला हाक मारताना शालूचा आवाज परक्याच्या पोराला मारावा तसा दबकत निघायला लागला.

हनुमान एकदाच आजीजवळ येऊन बसला. गुडघे छातीला लावून, लहानपणी बसायचा तसा.

"मोठे माय, म्या जाऊ का नको?"

"शब्द दिलाय," राजाबाई म्हणाली.

"व्हय," तो म्हणाला आणि उठला. उठताना त्याचं डोकं पत्र्याला लागलं. त्यानं ते चोळलंसुद्धा नाही.

बारावीचा निकाल लागला तेव्हा केशव सर स्वतः आले. हनुमान चांगल्या मार्कांनी पास झाला होता आणि कॉलेज जास्त दिवस जागा धरून ठेवणार नव्हतं. सरांनी राजाबाईला समजेल असं सांगितलं. हिमांशूच्या त्या करारात असं आहे की पाय गेला की त्याच दिवशी करार संपला, आणि संघ बंद पडला तर कुणी कुणाला विचारायचं नाही. माझाच एक खेळाडू असाच गेला होता, ते म्हणाले. मोडका गुडघा घेऊन परत आला. आता वाळूजला एका फाटकावर वॉचमन आहे. त्याच्या मापाचा गणवेश मिळत नाही, बाह्या कोपरापाशीच संपतात. मी त्या रस्त्यानं जायचं सोडलंय.

राजाबाईनं खुंटीवरच्या सॅककडं बघितलं. पण दारात गीताबाई हंडा घेऊन उभी होती, तिच्यामागं अजून बायका होत्या, आणि सगळ्या ऐकत होत्या. तेव्हा तिच्या तोंडातून तिच्या तोंडाला शोभेल तेच निघालं.

"सर, तुमच्या घरी नळाला पाणी येतं. तुमाला बोलायला काय जातं?"

केशव सरांनी मान खाली घातली. चहा न संपवता उठून गेले. बायका एकमेकींकडं बघून हसल्या. आयुष्यात पहिल्यांदा राजाबाईला आपलंच बोलणं जिंकल्यावर वाईट वाटलं.

मृग दोन दिवसांवर आला. आभाळात कापसाएवढाही ढग नव्हता. हनुमानाला न्यायला सकाळी गाडी येणार, असा निरोप आला होता. दुपारी तो जमिनीवर झोपला होता. खोली त्याला पुरत नसे, म्हणून पाय उंबऱ्याबाहेर उन्हात. राजाबाई डुलकी काढून उठली तर शालू त्याच्या उशाशी बसलेली. तिच्या हातात लोकर कातरायची ती जुनी लोखंडी कात्री होती. तिनं पोराच्या कानामागची केसांची बट हळूच कापली, चिंधीत बांधली, उठली आणि मेंढवाड्याकडं गेली. तिथं मधल्या खुंटाला तिनं ती चिंधी बांधली.

राजाबाई तिच्या मागोमाग कुंपणापर्यंत आली. पैदाशीला दिलेल्या मेंढराचं काही मागं ठेवत नाहीत, ते कुठंतरी चरत असतं. चिमूटभर लोकर खुंटाला बांधतात ती खाटकाला गेलेल्या जनावराची.

"शालू, हे काय केलंस गं?"

शालू लग्न होऊन आल्यापासून सासूला उलट बोलली नव्हती. आताही तिनं आवाज चढवला नाही. गाठ नीट बसली का ते बघितलं आणि म्हणाली, "तुमीच शिकवलं, आत्याबाई."

आणि ती भांडी घासायला बसली.

सकाळी टँकर आणि गाडी बरोबरच आले. वस्तीनं हार आणला होता. रामेश्वरनं इस्त्रीचा सदरा घातला होता. हनुमान पिशवी घेऊन उभा होता. खुंटीवरची सॅक त्यानं खुंटीलाच राहू दिली होती. हिमांशू कागद घेऊन उतरला, तेव्हा राजाबाई मेंढवाड्याच्या मधोमध उभी होती. तिनं त्याला तिथंच बोलावलं, जिथं उभं राहून तिनं भाव सांगितला होता, आणि म्हणाली, "नाही."

हिमांशूला वाटलं तिला काही विचारायचंय. तो थांबला.

"नाही देत," राजाबाई म्हणाली. "पोरगं केशव सराच्या कॉलेजात जाईल. हनुमान, सॅक काढ खुंटीवरली."

हनुमान हलला नाही. खरंच म्हणतेय का, हे त्यानं आईकडं बघून ओळखलं, आणि मग इतक्या घाईनं आत गेला की चौकट हादरली. रामेश्वरचा चेहरा पांढरा पडला. हार धरलेल्या पोरीनं तो हळूच पाठीमागं लपवला. टँकरचं इंजिन घरघरत होतं. गीताबाई पुढं सरकून म्हणाली, "मंग पाणी?"

वस्तीच्या नजरा एकेक करून राजाबाईवर येऊन थांबल्या. कालपर्यंत पायाला हात लावणाऱ्या बायका होत्या ह्या. रात्री आपल्या घरावर दगड येतील हे तिला त्या नजरांत दिसलं.

हिमांशू रागावला नाही. त्यानं कागद घडी करून खिशात घातले. पाणी फुकट कसं घालवायचं, असं तो स्वतःशीच बोलल्यासारखं बोलला, आणि गीताबाईला सहज विचारलं की ताई, तुमचा कडुबा कितवीला आहे? दहावीला, असं गीताबाईच्या तोंडून निघून गेलं. तिचा लेक कडुबा तिच्यामागंच उभा होता, मिसरूड फुटायचं बाकी असलेला, आईपेक्षा हातभर उंच. नाव ऐकून तो आणखी ताठ झाला. त्याला फार आनंद झाला होता.

हिमांशूनं ड्रायव्हरला खूण केली. टँकर राजाबाईच्या दारावरून पुढं सरकला आणि गीताबाईच्या दारात थांबला. गीताबाई हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. तिनं वाटेतला आपला ड्रम उचलून बाजूला ठेवला, टँकरला नीट लागता यावं म्हणून. बायका हंडे घेऊन तिकडं वळल्या.

राजाबाई काट्याचं कुंपण ओलांडून गाडीपाशी गेली. हिमांशू आत बसत होता. तिनं दार धरलं, आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली:

"ऐक, साहेबा. राजाबाईनं आज जबान मोडली. मी खोटी पडले, ते चार माणसांत कबूल करते, माह्या तोंडाला काळं फासा. तू मातर बोलल्याला जागलास, एक दिस चुकला नाहीस. म्हणूनच म्या तुला सांगते, तुझ्यासारखा वाईट माणूस म्या उभ्या जन्मात बघितला नाय. चोर असतास तर ह्याच बायांनी तुला दगडांनी हाणला असता. तू इमानानं पाणी घालतोस, आन् आया आपल्या हातानं दार मोकळं करून देतात."